श्वासाला औषधाचा मान आणि औषधाचीच शिस्त

मनुष्याच्या शरीरात अहोरात्र चालणाऱ्या व्यापारांपैकी बहुतेकांवर त्याची स्वतःची हुकमत चालत नाही. यकृताला पित्त निर्माण करण्याची आज्ञा देता येत नाही, मूत्रपिंडाला घटकाभर विसावा घेण्यास सांगता येत नाही, आणि हृदयाला तर सामान्यतः एखाद्या ठोक्यापुरतेही आपल्या मर्जीप्रमाणे वागविता येत नाही. श्वास तेवढा या सर्वांहून निराळा आहे. निद्रेत तो आपला आपण चालतो. जागेपणी मात्र तो लांबविता येतो, आखूड करता येतो, काही क्षण रोखूनही धरता येतो. स्वयंचलित आणि इच्छाधीन अशा दोन्ही प्रांतांत संचार असलेल्या या व्यापाराच्या द्वारे शरीराच्या अंतर्गत कारभारात हात घालता येईल, हे आपल्या योगशास्त्राने फार पूर्वी हेरले आणि त्यावर प्राणायामाची सबंध साधना उभारली. ज्यांच्या हृदयाची लय बिघडली आहे अशा रुग्णांना या साधनेचा कितपत उपयोग होतो, हा प्रश्न आज घरोघरी विचारला जातो. आणि त्याचे उत्तर श्रद्धेने किंवा अश्रद्धेने देण्याऐवजी पुराव्याने देणे आता शक्य झाले आहे. ते उत्तर असे की, उपयोग खरा आहे, त्याची मर्यादाही तितकीच खरी आहे, आणि ज्या साधनाला आपण औषधाचा मान देऊ इच्छितो त्याला औषधाचे निदान, मात्रा, पथ्य आणि देखरेख ही चारही बंधने लावल्यावाचून गत्यंतर नाही.

तूर्त या चारही बाबतींत आपल्याकडे अंदाधुंदी आहे. छातीत धडधडते अशी तक्रार एखाद्या प्रौढ स्त्रीने शेजारणीपाशी केली की, 'कपालभाती सुरू करा, महिन्यात बरे वाटेल' असा सल्ला तिला तत्काळ मिळतो. धडधड केव्हा होते, एकदम सुरू होऊन एकदम थांबते की हळूहळू वाढत जाते, तिच्याबरोबर घेरी येते काय, याची चौकशी करण्याचे कोणाला सुचत नाही. तीच स्त्री कार्डिओग्रामची पट्टी हातात घेऊन दवाखान्यात गेली आणि प्राणायाम केला तर चालेल काय असे तिने विचारले, तर 'करायचा तर करा' एवढेच तुटक उत्तर पुष्कळदा तिच्या पदरी पडते. कोणता प्राणायाम, किती वेळ, कोणत्या रीतीने आणि कोणता वर्ज्य, याविषयी अवाक्षर निघत नाही. पहिल्या सल्ल्यात साहस आहे, दुसऱ्यात उदासीनता आहे, आणि दोहोंच्या मध्ये सापडलेल्या रुग्णाला आपला मार्ग आपणच चाचपडत शोधावा लागतो.

वस्तुतः हृदय आणि श्वास यांचा संबंध कोणालाही स्वतःच्या मनगटावर पाहता येण्याजोगा आहे. स्वस्थ बसून उजव्या हाताची तीन बोटे डाव्या मनगटावर अंगठ्याच्या मुळाच्या बाजूस हलकेच ठेवावीत. नाडी लागली की चार अंक मोजेपर्यंत सावकाश श्वास आत घ्यावा आणि सहा अंक मोजेपर्यंत तो तितकाच सावकाश सोडावा. निरोगी माणसाला, विशेषतः तो तरुण असल्यास, थोड्याच वेळात असे जाणवते की, श्वास आत जाताना ठोके किंचित जवळजवळ पडतात आणि बाहेर पडताना ते विरळ होतात. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ साली आपल्या आलेखयंत्रावर ही घटना टिपली, आणि पुढील संशोधनाने तिचा उलगडा केला. हृदयाच्या उजव्या कर्णिकेच्या वरच्या भागात सायनस नोड नावाचे जे लयीचे मूळ ठाणे आहे, त्याला मोकळे सोडले तर ते मिनिटाला सुमारे १०० ठोक्यांचा क्रम धरते. परंतु मेंदूच्या बुडाशी उगम पावून छातीत आणि पोटात उतरणारी व्हेगस ही मज्जातंतूची जोडी त्याला सतत लगाम घालीत असते, आणि म्हणून विश्रांतीच्या वेळी आपली नाडी ६० ते ८० च्या घरात राहते. वेबर बंधूंनी १८४५ साली याच मज्जातंतूला विजेची चेतना देऊन प्राण्याचे हृदय मंद होते, थांबतेही, हे दाखविले होते. श्वास आत घेताना हा लगाम सैल होतो, सोडताना आवळला जातो; अर्थात जो उच्छ्वास दीर्घ करतो तो लगामाचा अंमल दीर्घ करतो.

श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास आणली की आणखी एक गोष्ट घडते. रक्तदाबात स्वभावतःच दर दहा सेकंदांच्या सुमारास उठणाऱ्या ज्या लाटा असतात, त्यांच्याशी श्वासाची लाट जुळते आणि रक्तदाब सावरणारी शरीराची जी प्रतिक्षेपयंत्रणा आहे ती अधिक तत्पर होते. इटलीतील पाविया येथील लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली २३ निरोगी व्यक्तींकडून लॅटिन भाषेतील जपमाळेची प्रार्थना आणि तिबेटी बौद्धांचा मंत्र म्हणवून घेतला, तेव्हा असे दिसले की, या दोन्ही उच्चारणांनी श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या घरात येतो आणि ही यंत्रणा सुधारते. दोन निरनिराळ्या धर्मांतील उपासकांनी शतकानुशतके जोपासलेला पाठ एकाच गतीवर येऊन स्थिरावावा, यात ज्याला भक्तीचा अर्थ दिसेल त्याला तो दिसो. वैद्यकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, मंद श्वासाचा परिणाम होण्यासाठी कोणत्याही गूढ सिद्धीची गरज नाही आणि तो कोणत्याही एका पंथाची मिरासदारी नाही.

परंतु येथवर वर्णिलेली सारी यंत्रणा निरोगी लयीची झाली. लय बिघडते तेव्हा ती एकाच कारणाने आणि एकाच प्रकारे बिघडत नाही, आणि आपल्या चर्चेतला सर्वांत मोठा घोटाळा याच ठिकाणी आहे. कोणाला अधूनमधून एखादा जादा ठोका पडतो आणि त्याला 'ठोका चुकला' असे वाटते. हृदयात दुसरा दोष नसेल तर हा प्रकार बहुधा निरुपद्रवी असतो. कोणाच्या हृदयात जन्मतःच विजेला फिरण्यासाठी एक जादा वाट असते आणि तिच्यामुळे नाडी एकाएकी १८० वर जाऊन तितक्याच एकाएकी पूर्ववत होते. कोणाच्या कर्णिकांत मिनिटाला ३०० ते ६०० असे विस्कळीत झटके उठू लागतात, ज्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. कर्णिका आणि जवनिका यांच्या मधली गाठ वेशीवरच्या पहारेकऱ्याप्रमाणे त्यांतले काहीच आत सोडते आणि म्हणून नाडी जलद तर लागतेच, पण तिच्यात कसलाही नियम उरत नाही. कोणाच्या बाबतीत ही मधली वाटच बंद पडते, नाडी तिसापर्यंत उतरते आणि चालता चालता शुद्ध हरपते. पंडुरोग, थायरॉइडचा अतिरेक, जुलाबांनी खालावलेले पोटॅशियम, लहानपणीच्या सांधेतापाने बिघडलेली झडप, झोपेत वरचेवर अडणारा श्वास, मद्यपान, अतिस्थूलता, दीर्घकाळचा रक्तदाब, ही सगळी कारणे वेगळी आणि त्यांचे इलाजही वेगळे. ज्याची वाट बंद पडली आहे त्याला पेसमेकरच लागतो; कोणताही श्वास ती वाट नव्याने बांधून देत नाही. जिला थायरॉइडची बाधा आहे तिला आधी थायरॉइडचा उपचार हवा. सबब, निदान होण्यापूर्वी सांगितलेला प्राणायाम हा, सांगणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असो, अंधारात दिलेला डोस होय.

या विषयात पुराव्याचा आग्रह धरणे म्हणजे परंपरेचा अवमान करणे, असे ज्यांना वाटते त्यांनी महाराष्ट्राचाच इतिहास आठवावा. १९२४ साली विलेम आइन्थोव्हेन यांना हृदयाचा विद्युत्-आलेख काढण्याची पद्धती शोधल्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. आणि त्याच वर्षी लोणावळ्यास जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी कैवल्यधामाची स्थापना करून 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केले. उड्डियान आणि नौली या क्रियांच्या वेळी पोटातील दाब किती बदलतो हे त्यांनी उपकरणे लावून मोजले, क्ष-किरणांची छायाचित्रे घेतली आणि जे आढळले ते आकड्यांसह प्रसिद्ध केले. स्वतः साधक असलेल्या, गुरुपरंपरा मानणाऱ्या या पुरुषाला योगाची परीक्षा घेण्यात कमीपणा वाटला नाही. किंबहुना परीक्षेला उभे राहण्याचे सामर्थ्य योगात आहे अशी त्यांची दृढ श्रद्धा होती म्हणूनच त्यांनी ती घेतली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी कैवल्यधामाच्या वैद्यांना सोबत घेऊन रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकविले आणि त्याचे निष्कर्ष १९६९ साली परदेशी वैद्यकीय नियतकालिकात मांडले. बऱ्याच रुग्णांचा दाब उतरला, काहींची औषधे कमी करता आली आणि काहींना मात्र गुण आला नाही, असा तो प्रामाणिक लेखाजोखा होता. ही आपली वडिलोपार्जित मिळकत आहे, आणि तिच्याकडे पाठ फिरवून आपण केवळ आरोळ्यांवर भिस्त ठेवू लागलो तर तो आपलाच तोटा.

हृदय थांबविण्याच्या योग्यांच्या सामर्थ्याची तपासणी हा याच इतिहासातला उद्बोधक भाग आहे. तेरेझ ब्रॉस या फ्रेंच हृदयतज्ज्ञ १९३५ साली सुटसुटीत कार्डिओग्राफ घेऊन भारतात आल्या, आणि योगी इच्छेने हृदयाची क्रिया जवळजवळ बंद करू शकतो असे त्यांच्या आलेखांवरून वाटू लागले. दोन दशकांनंतर वेंगर आणि बागची हे अमेरिकेतील संशोधक आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील बी. के. आनंद यांनी हा प्रश्न नव्याने हाती घेतला, आणि १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तांतात असे नमूद आहे की, छाती व पोट यांचे स्नायू आवळून, कंठ मिटून, श्वास रोखून धरला असता मनगटावरची नाडी लागेनाशी होते, छातीवर नळी ठेवून ठोके ऐकू येत नाहीत, परंतु कार्डिओग्रामच्या पट्टीवर हृदय आपले काम करीतच असते. हृदयाकडे परतणारे रक्त छातीतील दाबामुळे अडते, त्यामुळे नाडी क्षीण होते, एवढाच त्याचा अर्थ होता. एका योग्याने मात्र आपली नाडी खरोखरच लक्षणीय मंद करून दाखविली. या तपासणीने योगाचे काही गेले काय? उलट, श्वास रोखून छातीत दाब निर्माण केला की हृदयाच्या कारभारावर काय परिणाम होतो, याचे स्वच्छ ज्ञान हाती आले.

आणि हेच ज्ञान आज आपत्कालीन कक्षात माणसांच्या उपयोगी पडते. आंतोनिओ मारिया व्हाल्साल्व्हा या इटालियन शारीरज्ञाने १७०४ साली कानाच्या विकारांसाठी नाक व तोंड मिटून जोराने उच्छ्वास करण्याची जी क्रिया वर्णिली, तीच पुढे एकाएकी उसळणारी नाडी थांबविण्यासाठी वापरात आली. इंग्लंडमधील दहा रुग्णालयांत ४२८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या क्रियेची सुधारलेली रीत तपासण्यात आली, आणि ती इतकी साधी आहे की तिचे वर्णन सविस्तर करावयास हवे. रुग्णाला खाटेवर अर्धवट बसते करतात. कार्डिओग्रामच्या तारा छातीला लावलेल्या असतात आणि पडद्यावर नाडी पावणेदोनशेच्या पुढे धावत असते. त्याच्या हाती दहा मिलिलिटरची रिकामी सिरिंज देतात आणि तिच्या तोंडातून अशा बेताने फुंकर घालावयास सांगतात की आतला दट्ट्या जेमतेम हलावा, जेणेकरून छातीत सुमारे ४० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब उत्पन्न होतो. पंधरा सेकंद हा जोर धरला की लगेच खाट सपाट करून त्याला उताणा निजवितात आणि दोन्ही पाय ४५ अंशांपर्यंत उचलून आणखी पंधरा सेकंद धरून ठेवतात. पायांतले रक्त हृदयाकडे एकदम धावते, व्हेगसचा लगाम जोराने ओढला जातो, पडद्यावरची धावणारी रेघ क्षणभर सपाट होते आणि मग सावकाश, नियमित ठोके उमटू लागतात. जुन्या रीतीने १७ टक्के रुग्णांची लय एका मिनिटाच्या आत पूर्ववत झाली होती. या रीतीने ती ४३ टक्क्यांची झाली. सुई नाही, औषध नाही, खर्च नाही. श्वासाने हृदयाची लय सुधारते या विधानाचा याहून निर्विवाद दाखला नाही. पण तो एका विशिष्ट प्रकारच्या बिघाडापुरता आहे, कर्णिकांच्या फिब्रिलेशनला तो लागू नाही, आणि ज्यांची महाधमनीची झडप अरुंद झाली आहे किंवा ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे अशांनी ही क्रिया करावयाची नाही. निदान, मात्रा, पथ्य, देखरेख ही चारही अंगे येथे एकत्र आलेली दिसतात.

फिब्रिलेशनच्या बाबतीत पुरावा इतका ठळक नाही, तरी तो दुर्लक्षणीयही नाही. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात डॉ. धनंजय लक्किरेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांना हा विकार अधूनमधून उचल खातो अशा ४९ रुग्णांचे प्रथम तीन महिने नुसते निरीक्षण केले आणि नंतरचे तीन महिने त्यांना आठवड्यातून दोनदा एक तास पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीचा योग, आसने आणि श्वसन यांसह शिकविला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, लक्षणे जाणविणारे झटके सरासरी ३.८ वरून २.१ वर आले, चिंता आणि खिन्नता उणावली, रक्तदाब व नाडीही उतरली. स्वीडनमध्ये अशाच ८० रुग्णांपैकी निम्म्यांना बारा आठवडे योग शिकविण्यात आला, तेव्हा त्यांची नाडी आणि रक्तदाब खाली आला आणि मानसिक स्वास्थ्य सुधारले. याच कॅन्सस राज्यात १९७० साली स्वामी राम यांनी मेनिंजर संस्थेत आपली नाडी इच्छेने मिनिटाला सुमारे ३०० पर्यंत नेऊन काही सेकंद तशी ठेवली होती, आणि तज्ज्ञांनी तो आलेख कर्णिकांच्या बिघडलेल्या लयीचा म्हणून ओळखला होता. जे साधन लय सावरू शकते ते लय बिघडवूही शकते, हे त्या आलेखात स्पष्ट लिहिलेले आहे, आणि म्हणूनच त्याच्याशी गाफिलपणाने वागता येत नाही.

या निष्कर्षांचे वजन किती, हेही सांगितले पाहिजे. कॅन्ससची चाचणी लहान होती, एकाच केंद्रात झाली होती आणि तिच्यात योग न करणाऱ्यांचा समांतर गट नव्हता. त्यामुळे सुधारणेचा किती वाटा योगाचा आणि किती शिक्षकाच्या आस्थेचा, नियमित भेटींचा, रुग्णाच्या उमेदीचा, हे वेगळे काढता येत नाही. भारतातच २४ रुग्णालयांत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर योगाधिष्ठित पुनर्वसनाची मोठी चाचणी झाली आणि तिचा निकाल २०२० साली जाहीर झाला. योग शिकलेल्यांना आपली प्रकृती अधिक बरी वाटली, ते पूर्वीच्या कामधंद्याकडे अधिक प्रमाणात वळले. परंतु मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटनांत दोन गटांमध्ये निर्णायक अंतर सिद्ध झाले नाही. या निकालाने निराश होण्याचे कारण नाही. आजारातून उठलेल्या माणसाला आपण पुन्हा उभे राहू शकतो असे वाटणे ही थोर कमाई आहे. फक्त तिला आयुर्मर्यादा वाढविण्याचे प्रमाणपत्र म्हणून मिरविता कामा नये.

येथेच सर्वांत घातक गैरसमजाचा बंदोबस्त करावयास हवा. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये धडधड हा त्रासाचा भाग असला तरी खरा धोका निराळा आहे: आकुंचन न पावणाऱ्या कर्णिकेच्या कोपऱ्यात रक्त साकळते, त्याची गुठळी मेंदूकडे वाहून जाते आणि पक्षाघात होतो. हा धोका निरोगी माणसाच्या सुमारे पाचपट असतो, आणि रक्त पातळ ठेवणारे औषध तो जवळजवळ दोनतृतीयांशाने कमी करते. मंद श्वासाने धडधड शमली, झोप लागू लागली, मनाला स्वास्थ्य आले, म्हणजे गुठळीची भीती गेली असे मुळीच होत नाही. कारण झटके न जाणविताही येत असतात. तेव्हा प्राणायामाने बरे वाटू लागलेला माणूस ज्या दिवशी आपली रक्त पातळ करण्याची गोळी आपल्याच अखत्यारात बंद करतो, तो दिवस त्याच्या दुखण्यातला सर्वांत धोक्याचा असतो. सांधेतापाने झडप बिघडलेल्या रुग्णांच्या बाबतीत, आणि असे रुग्ण आपल्या देशात अजूनही थोडेथोडके नाहीत, ही गोष्ट दुप्पट आग्रहाने सांगितली पाहिजे.

पथ्याचा विचारही तितकाच तपशिलाने व्हावयास हवा. भस्त्रिका आणि कपालभाती यांसारख्या जोरकस क्रिया दीर्घकाळ केल्या असता रक्तातील कर्बवायू घटतो, क्षारांचा तोल ढळतो आणि ज्याचे हृदय आधीच चिडखोर आहे त्याच्यात नवी गडबड उत्पन्न होण्यास वाव मिळतो. दीर्घ कुंभकाने, म्हणजे श्वास फार वेळ रोखून धरल्याने, रक्तदाबात चढउतार होतात. काही रुग्णांत तर फिब्रिलेशनचे झटके व्हेगसचा जोर वाढला असताना, म्हणजे रात्री किंवा भरपेट जेवणानंतर, येतात. त्यांच्या बाबतीत लगाम आवळण्याचा उपाय सरसकट हितकर मानता येत नाही. पेसमेकर बसविल्यावर पहिले काही आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यावयाचा नसतो, म्हणून ताडासन किंवा पर्वतासनासारखी आसने त्या मुदतीत बंद. ज्याचे रक्त औषधाने पातळ ठेवले आहे त्याने शीर्षासनासारख्या, तोल जाऊन डोक्याला इजा होण्याचा संभव असलेल्या आसनांच्या वाटेस जाऊ नये. नाडी मंद करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने शवासनातून झटकन उठू नये. कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन, सावकाश उठावे, आणि आपल्या योगशिक्षकांचा जुना शिरस्ता नेमका हाच आहे. प्राणायाम उतावीळपणे करणाऱ्याला हठयोगप्रदीपिकेने वन्य पशूंना हळूहळू वश करण्याचा दृष्टान्त देऊन सावध केले आहे. म्हणजे मात्रेची जाणीव ही आधुनिक वैद्यकाने योगावर लादलेली अट नसून योगाच्या आद्य ग्रंथकारांचीच ताकीद आहे.

आणखी एका अन्यायाकडे लक्ष वेधणे मला अगत्याचे वाटते. एकाएकी नाडी उसळण्याचा विकार तरुण स्त्रियांत पुष्कळ आढळतो. झटका दहावीस मिनिटांत ओसरतो, दवाखान्यात पोहोचेपर्यंत कार्डिओग्राम निर्दोष निघतो, आणि मग घरातून आणि कधी कधी दवाखान्यातूनही 'मन खंबीर कर, ध्यानाला बस' असा उपदेश होतो. वर्षानुवर्षे अशी बाई आपल्याला भित्री समजत राहते; प्रत्यक्षात तिच्या हृदयात विजेची एक जादा वाट असते, जी शिरेतून तार घालून जाळून टाकता येते आणि बहुसंख्य रुग्णांत हा विकार कायमचा बरा होतो. झटका चालू असताना काढलेला आलेख, किंवा चोवीस तास अंगावर बाळगण्याचे होल्टर यंत्र, यांनी या कोड्याचा निकाल लागू शकतो. योगाचे नाव घेऊन तिचे निदान लांबविणे, हा तिच्यावर अन्याय आहे तसा योगावरही आहे.

मग करावे काय? माझ्या मते प्रत्येक योगवर्गात नाव नोंदविताना धडधड, घेरी, धाप आणि चालू औषधे यांची विचारपूस व्हावी, शिक्षकाला नाडी पाहता यावी आणि ती अनियमित लागली तर कार्डिओग्राम काढून आणण्यास त्याने आग्रहाने सांगावे. छातीत कळ, शुद्ध हरपणे, बोलण्यात अडखळ किंवा तोंड वाकडे होणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढचे आवर्तन न घेता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, हे त्याच्या शिक्षणक्रमात असावे. हृदयरोगतज्ज्ञांनी आपल्या औषधपत्रिकेवर, गोळ्यांच्या खाली, श्वासाचीही ओळ लिहावी: ज्याला वर्ज्य नाही त्याने सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे, न रोखता, चार अंकांचा श्वास आणि सहा अंकांचा उच्छ्वास, मद्य वर्ज्य, वजन उतरविणे, घोरणे असल्यास झोपेची तपासणी. ही ओळ लिहावयास क्षणभर लागतो, पण तिच्यामुळे रुग्णाच्या हाती त्याच्या स्वतःच्या कर्तृत्वाचा वाटा येतो. आणि नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली आधुनिक वैद्यकाची आणि आयुर्वेदाची अशी दोन्ही महाविद्यालये नांदत असताना, लोणावळा आणि पुणे यांचे ज्ञान हाताशी असताना, फिब्रिलेशनच्या रुग्णांवर समांतर गटासह, दीर्घ मुदतीची, मोठी चाचणी याच राज्यात उभारण्याची तजवीज शासनाने करावी. योगाचा उत्सव दरवर्षी २१ जूनला साजरा करण्यासाठी जेवढा खर्च आणि उत्साह आपण वेचतो, त्याचा अंशमात्र या कामी लागला तरी ते घडण्याजोगे आहे.

श्वासाचे सामर्थ्य मी मनापासून मानतो, आणि म्हणूनच त्याच्या नावावर कोणीही काहीही खपवावे हे मला सहन होत नाही. ज्या विद्येवर आपले खरे प्रेम आहे तिला प्रश्न विचारले गेले पाहिजेत, तिच्या अपयशांचीही दफ्तरी नोंद झाली पाहिजे, आणि ज्या रुग्णाला ती देऊ केली जाते त्याला तिच्याकडून काय मिळेल व काय मिळणार नाही हे आधी स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. हृदयाच्या रुग्णाला गोळी आणि श्वास यांतून एकाची निवड करावयास लावणाऱ्या दोन्ही पक्षांनी आपला हट्ट सोडावा. गोळी गुठळीपासून राखील, श्वास धडधडीला आणि भीतीला आवर घालील, आणि निदान या दोहोंना आपापले काम नेमून देईल. एवढा साधा करार वैद्य, योगशिक्षक आणि रुग्ण यांच्यात झाला, तर त्यातून वाचणारे पक्षाघात आणि टळणारी निष्कारण भीती हाच योगाचा खरा गौरव ठरेल.